माकोंदोचा पंचनामा

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या उन्हात वेळ काढून आलेल्या श्रोतेहो,

लातूरला आमचा एक लहानसा वाचनगट आहे. महिन्यातून दोन रविवारी आम्ही अकरा-बारा माणसे एका घराच्या ओसरीवर बसतो. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका आहे, एक आडत दुकानदार आहेत, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक तरुण बाई आहेत, दोन शेतकरी आहेत, महाविद्यालयात शिकणारी दोन मुले आहेत, आणि महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला मी आहे. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी आम्ही सात महिन्यांत वाचून पूर्ण केली. माकोंदो नावाच्या एका कल्पित गावाची आणि तिथल्या बुएंदिया घराण्याच्या अनेक पिढ्यांची ही गोष्ट आहे. मूळ स्पॅनिश कादंबरी १९६७ साली ब्यूनोस आयरेसमध्ये प्रसिद्ध झाली आणि ग्रेगरी रबासा यांचा इंग्रजी अनुवाद १९७० साली आला. आम्ही तोच अनुवाद समोर ठेवला. मुलांनी परिच्छेद मोठ्याने वाचायचा, शिक्षिकाबाईंनी तो मराठीत सांगायचा आणि बाकीच्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारायचे, अशी आमची रीत होती. आज मला या कादंबरीतील मेलेल्या माणसांच्या संख्येविषयी बोलायचे आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या मराठवाड्यातील काही संख्यांविषयीही बोलायचे आहे. मात्र त्याआधी एका शब्दाविषयीची माझी तक्रार आपण ऐकून घ्यावी, कारण त्या शब्दाने आमचे पहिले दोन महिने वाया घालवले.

तो शब्द म्हणजे ‘जादुई’. ही कादंबरी ‘जादुई वास्तववादा’ची आहे, म्हणजे रोजच्या जगात अद्भुत गोष्टी सहज घडताना दाखवणारी आहे, असे आम्हाला आधीच सांगण्यात आले होते. आपल्या भागात जादू म्हटले की माणसाच्या मनात काय येते, ते मी आपल्याला सांगायला नको. जादू म्हणजे जादूटोणा, करणी, भानामती. मराठवाड्यातील कित्येक गावांनी भानामतीच्या नावाखाली बायकांचे जे हाल पाहिले आहेत, ते ज्यांनी पाहिले त्यांना जादू हा शब्द गमतीचा वाटू शकत नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारले की, ज्या राज्याला २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्या राज्यातील माणसांनी उडणाऱ्या बायकांच्या गोष्टी कौतुकाने का वाचाव्यात? प्रश्न रास्त होता आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणाकडेही त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या बाजूला आमचे आडत दुकानदार होते. ते प्रत्येक प्रकरणात जादू कधी येते याची वाट पाहत राहिले आणि जादू नसलेली पाने त्यांना रिकामी वाटू लागली. एका शब्दाने एका वाचकाला दार लावून घ्यायला लावले आणि दुसऱ्याला जत्रेतल्या खेळाच्या रांगेत उभे केले.

या नावाचा इतिहासही जरा आडवळणाचा आहे. फ्रान्झ रो या जर्मन समीक्षकाने १९२५ साली ते वापरले ते चित्रकलेसाठी. नेहमीच्या वस्तू अतिशय स्वच्छ, नेमक्या रेषांत रंगवल्या की त्याच वस्तू अनोळखी दिसू लागतात, असे त्याला म्हणायचे होते. क्यूबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर १९४३ मध्ये हैतीला गेले, आणि १९४९ साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की आमच्या भूमीचा इतिहासच अद्भुत आहे, अद्भुत बाहेरून आणावे लागत नाही. या दोघांच्या म्हणण्यात जादूगार कुठेच नाही. रो यांचा भर नेमकेपणावर आहे आणि कार्पेंतिएर यांचा इतिहासावर. मराठीत येताना नेमकेपणाही गळला आणि इतिहासही गळला. उरली ती जादू.

आम्हाला या गुंत्यातून बाहेर काढले ते रेमेदियोसने. ही बुएंदिया घराण्यातील अतिशय सुंदर आणि जगाची काही खबर नसलेली मुलगी. घरातल्या बायका अंगणात चादरींच्या घड्या घालत असताना ती चादरींसकट आकाशात निघून जाते. हा परिच्छेद मुलाने वाचला, शिक्षिकाबाईंनी मराठीत सांगितला, आणि मी न राहवून म्हणालो, ‘हा तर पंचनामा आहे.’ सगळे हसले, तसे आपणही आता हसलात. पण मी तेव्हाही मनापासून बोललो होतो आणि आजही बोलतो आहे. आपण परिच्छेद नीट पाहा. वेळ नोंदवली आहे: दुपारचे चार सरत आले होते. हजर माणसे नोंदवली आहेत: अमारांता, फेर्नांदा आणि उर्सुला. कोणी काय पाहिले तेही वेगवेगळे नोंदवले आहे. अमारांताला आपल्या परकराच्या झालरीत थरथर जाणवते आणि ती पडू नये म्हणून चादर घट्ट धरते, तर जवळजवळ आंधळी झालेली उर्सुला एकटीच शांत राहून हा वारा कसला आहे ते ओळखते. आणि सर्वांत शेवटी गेलेला माल: चादरी. फेर्नांदा पुढे कितीतरी दिवस देवाची विनवणी करते, ती माणूस परत दे म्हणून नाही, तर माझ्या चादरी परत दे म्हणून. आमच्या गटातील एक शेतकरी त्यावर म्हणाले की, आता मला खरे वाटले, कारण आमच्या भावकीत कोणी गेले तरी दुसऱ्या दिवशी घागर कोणाच्या घरी राहिली याची चौकशी होतेच. मार्केस यांनीही या प्रसंगाविषयी सांगितले आहे की, रेमेदियोस काही केल्या वर जाईना. मग वाऱ्यात चादरी वाळत घालणारी बाई त्यांना दिसली, आणि चादरी आल्यावर ती गेली.

१९८१ च्या एका मुलाखतीत त्यांनी हे सूत्र उघडच करून ठेवले आहे. आकाशात हत्ती उडत आहेत असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ४२५ हत्ती उडत आहेत असे म्हटले तर लोक बहुधा ठेवतील, असा त्याचा आशय आहे. आपली आजी, म्हणजे आईची आई, अत्यंत अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत असे आणि कादंबरीचा सूर आपल्याला तिच्याकडून मिळाला, हेही त्यांनी सांगितले आहे. ही आजी आपल्याला परकी नाही. औंढा नागनाथला नामदेवांसाठी देऊळ फिरले, ही गोष्ट सांगणारी बाई कधीही ‘चमत्कार झाला’ एवढ्यावर थांबत नाही. ती हाताला धरून मागच्या बाजूला नेते आणि म्हणते, ‘नंदी बघा, नंदी मागंच राहिला.’ गंगाखेडच्या जनाबाईंचे दळण पांडुरंगाने दळले हे सांगताना जात्याचा खुंटा कोणी कुठे धरला होता, पिठाची पाळी कोणी सारवली, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तेरच्या गोरोबाकाकांच्या गोष्टीत चिखल तुडवणारे पाय आधी दिसतात आणि मूल नंतर दिसते.

मात्र इथे आमच्या शिक्षिकाबाईंनी एक भेद दाखवला आणि तो मी पुढे नेहमी ध्यानात ठेवला. संतकथेतील अद्भुत हे भक्तीची खूण म्हणून येते. कोणाला तरी न्याय मिळतो, कोणाचा तरी अहंकार उतरतो. माकोंदोमध्ये पाद्री निकानोर गरम चॉकलेट पिऊन जमिनीपासून वर उचलला जातो आणि त्यातून चर्चसाठी वर्गणी जमते, एवढेच. पिवळ्या फुलांचा रात्रभर पाऊस पडतो, आणि सकाळी अंत्ययात्रा जावी म्हणून लोकांना रस्ता फावड्यांनी साफ करावा लागतो. अद्भुताने कोणाचे भले होत नाही आणि कोणाला त्याचे नवलही वाटत नाही. विज्ञानाच्या बाई त्या दिवशी बऱ्याच वेळाने बोलल्या. त्या म्हणाल्या की, जे चमत्कार कोणाला काही विकत नाहीत आणि कोणाला भीती घालत नाहीत, त्यांच्याशी माझे भांडण नाही.

पंचनाम्याविषयी मला थोडे विस्ताराने सांगू द्या, कारण माझी अर्धी नोकरी त्यात गेली. पंचनामा म्हणजे घडलेल्या गोष्टीचे असे वर्णन, की जो तिथे नव्हता त्यालाही ती मान्य करावी लागेल. त्यात दिनांक आणि वेळ लागते, चतुःसीमा लागते, समक्ष हजर असलेल्या पंचांची नावे आणि सह्या किंवा अंगठे लागतात, आणि संख्या लागते. ‘सगळे गेले’ असे पंचनाम्यात लिहिता येत नाही. किती आर क्षेत्रावरील, कोणते पीक, किती टक्के, असे लिहावे लागते. माझ्या नोकरीच्या काळात पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली आली की दुष्काळ, वर राहिली की दुष्काळ नाही, असा हिशेब होता. शेतकऱ्याच्या विहिरीचा तळ दिसतो आहे की नाही, याला कागदावर त्यानंतरच अर्थ येई. त्यामुळे संख्येचे बळ मला पुस्तकात वाचून कळलेले नाही.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट झाली, ती आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, सगळे हाताशी आलेले होते. माझ्या मंडळातील एका गावात मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तेव्हा बांधाच्या सावलीत गारांचा थर अजून वितळायचा होता. ज्वारीची ताटे उभी होती, पण कणसे नव्हती. जणू कोणी विळ्याने रांगेने छाटून नेली होती. पंचनामे करता करता मी शिवाराच्या टोकाला असलेल्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, गेलो. तिथे एक म्हातारी एकटी बसली होती. तिचे दीड एकर हरभऱ्याचे होते. मी क्षेत्र विचारले, सात-बारा पाहिला, टक्के लिहिले. सही करण्यासाठी अंगठ्याला शाई लावताना ती म्हणाली, ‘साहेब, बगळे बी लिवा.’ मला कळले नाही. मग ती मला चिंचेच्या झाडाखाली घेऊन गेली. रात्री त्या झाडावर बगळ्यांचा थवा वस्तीला असे. झाडाखाली पांढरी पाखरे एकावर एक पडली होती. काहींचे पंख उघडे राहिले होते आणि चिखलाने माखले होते, काही गारांच्या ढिगाशी इतकी मिसळली होती की पाखरू कुठे संपते आणि गार कुठे सुरू होते ते जवळ गेल्याशिवाय ओळखू येत नव्हते. मी म्हणालो, ‘आज्जी, हे फार झाले असतील.’ ती म्हणाली, ‘फार न्हाई, एकशे अकरा हायेत. म्या मोजलेत. दोनदा मोजलेत.’

तिने ते का मोजले असतील, याचा मी पुढे अनेकदा विचार केला. ती पाखरे तिच्या मालकीची नव्हती आणि त्यांची भरपाई तिला मिळणार नव्हती. घरात दुसरे कोणी नव्हते, रात्रभर पत्र्यावर दगड पडावेत तसे आवाज येत होते, आणि उजाडल्यावर जे दिसले ते कोणाला सांगितले तरी कोणी खरे मानणार नाही, हे तिला नक्की कळले असावे. म्हणून तिने मोजले. मी पंचनाम्याच्या शेवटी, शेरा लिहायच्या जागेत, ‘आखाड्यालगतच्या चिंचेखाली मृत बगळे, संख्या १११, समक्ष पाहिले’ असे लिहिले आणि पंचांच्या सह्या घेतल्या. चार दिवसांनी तो कागद माझ्याकडे परत आला. त्या ओळीवर लाल शाईने रेघ मारलेली होती. वरिष्ठांनी मला बोलावून सांगितले की, नमुन्यात पक्ष्यांचा रकाना नाही, आणि पंचनाम्यात कथा लिहायची नसते. मी कागद नव्याने लिहून दिला. त्या वरिष्ठांचे नाव मी घेणार नाही, आणि नियमाप्रमाणे त्यांचे काही चुकलेही नव्हते. पण ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि दुसऱ्यांदा तो कागद बगळ्यांशिवाय मी स्वतःच्या हाताने लिहिला, हेही जात नाही.

आता कादंबरीतील उर्सुलाच्या मृत्यूचे पान काढा. शंभरी कधीच ओलांडलेली ही बाई ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मरते. तिला पुरायला नेतात त्या दुपारी इतके ऊन असते की पाखरे भ्रमिष्ट होऊन भिंतींवर आदळतात आणि खिडक्यांच्या जाळ्या फाडून माणसांच्या खोल्यांत येऊन मरतात. आमच्या गटात हे पान वाचले गेले तेव्हा मी सगळ्यांना थांबायला सांगितले आणि आत्ता आपल्याला सांगितलेली हकिकत त्यांना सांगितली. मुलांपैकी एकाने विचारले, ‘काका, मग यातले जादुई कोणते, पुस्तकातले की तुमचे?’ त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर तो शब्द कोणी वापरला नाही.

त्यानंतर मात्र वाचन वेगाने आणि फार आनंदात झाले. सगळ्या पिढ्यांत तीच ती नावे, औरेलियानो आणि होसे आर्कादियो, याचा इंग्रजी वाचकांना म्हणे त्रास होतो. आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने आडत दुकानदारांनी दुकानातील जुन्या वहीच्या मागच्या पानावर वंशावळ मांडली आणि ती शेवटपर्यंत चुकली नाही. निद्रानाशाची साथ आली तेव्हा परिचारिका बोलू लागली. त्या साथीत माणसे आधी झोप गमावतात आणि मग वस्तूंची नावे. गाईच्या गळ्यात पाटी अडकवावी लागते, की ही गाय आहे, हिचे रोज सकाळी दूध काढावे लागते. गावाच्या वेशीवर ‘माकोंदो’ अशी पाटी लागते आणि मुख्य रस्त्यावर ‘देव आहे’ अशी. ती म्हणाली, रात्रपाळीत विसरभोळे म्हातारे रुग्ण सांभाळताना मी त्यांच्या उशाशी अशाच चिठ्ठ्या लावते. चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस चालणारा पाऊस, आणि त्यानंतर दहा वर्षे थेंबही नाही, हे वाचून आमच्या दोन्ही शेतकऱ्यांनी फक्त माना हलवल्या. आणि शेवटी उलगडणारे मेल्कियादेस या जिप्सीचे हस्तलिखित संस्कृतात लिहिलेले आहे, हे कळल्यावर तर ओसरीवर एकच गलका झाला. ज्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर अक्षरे लिहून ठेवली, त्या गावात हे सांगताना मला विशेष आनंद होतो आहे.

आगगाडीविषयी मात्र थांबून सांगायला हवे. माकोंदोमध्ये पहिली गाडी येते तेव्हा नदीवर कपडे धुणारी बाई ओरडत येते की, एखादे स्वयंपाकघर गावाला ओढत आणावे असे काहीतरी भयंकर येते आहे. हे वाचून आम्हा लातूरकरांना १२ एप्रिल २०१६ ची पहाट आठवली. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. ज्या दिशेने पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी येत असे, त्याच दिशेने मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी आले. मी स्टेशनवर होतो. लोक गाडीला हार घालत होते आणि माझ्या शेजारी उभा असलेला माणूस वाघिणीच्या थंड पत्र्याला तळहात लावून उभा होता. ही हकिकत शंभर वर्षांनी कोणी सांगितली, तर सांगणाऱ्याला दहा आणि पाच लाख हे आकडे सांगावेच लागतील.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ज्या मुद्द्यासाठी आलो, त्याला आता दहाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा थोडक्यात सांगतो.

त्या कादंबरीत दुसरी एक गाडी आहे. केळीच्या कंपनीच्या संपकरी मजुरांवर सैन्य गोळीबार करते. बुएंदिया घराण्यातील होसे आर्कादियो सेगुंदो शुद्धीवर येतो तेव्हा तो प्रेतांनी भरलेल्या, जवळजवळ दोनशे डब्यांच्या मालगाडीत असतो आणि ती प्रेते समुद्रात टाकण्यासाठी नेली जात असतात. तो उडी मारून परततो आणि सांगतो, तीन हजारांहून अधिक होते. पहिलीच बाई त्याला सांगते, इथे कोणीही मेलेले नाही. सरकारही तेच सांगते. चादरींबरोबर गेलेल्या मुलीवर विश्वास ठेवणारे, फुलांचा पाऊस फावड्याने बाजूला करणारे हे गाव, डोळ्यांसमोर झालेल्या कत्तलीवर विश्वास ठेवत नाही. ही गोष्ट आम्हाला दाखवली ती विज्ञानाच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, या पुस्तकात अशक्य ते सगळे मानले जाते, आणि नाकारली जाते ती एकच गोष्ट, जी खरोखर घडली होती.

ती खरोखर घडली होती. कोलंबियातील सिएनागा येथे डिसेंबर १९२८ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या. सेनाधिकारी कोर्तेस वार्गास यांनी ४७ मृत्यू मान्य केले. अमेरिकी राजदूताने वॉशिंग्टनला कळवले की कंपनीच्या प्रतिनिधीच्या म्हणण्यानुसार मृत हजारांहून अधिक आहेत. खरा आकडा कधीच ठरला नाही. मार्केस यांचा तीन हजार हा आकडा कादंबरीचा आहे. एवढी लांब गाडी भरायला तेवढी प्रेते लागत होती, असे त्यांनी स्वतः सांगितले. पुढे त्यांच्या देशाच्या सिनेटमध्ये एका वक्त्याने तीन हजार अनाम हुतात्म्यांसाठी मौन पाळण्याची विनंती केली. जिथे मोजणी झाली नाही तिथे कादंबरीचा आकडा जाऊन बसला. मला यात आनंदही वाटतो आणि काळजीही वाटते. चिंचेखालच्या त्या म्हातारीने दोनदा मोजले होते. कादंबरीकाराला मोजायला काही शिल्लकच ठेवलेले नव्हते.

आता आपल्याकडे या. १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन आहे आणि १९४८ च्या त्या दिवसाचा आनंद आपल्या घराघरांत आहे. रझाकारांनी काय केले ते आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेले आहे, आणि ते खरे आहे. पण पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर जी माणसे मारली गेली, त्यांची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांची समिती केंद्र सरकारनेच पाठवली होती, आणि तिने २७ हजार ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीत अभ्यासकांना पाहता येऊ लागला. २७ आणि ४० यांच्यामध्ये १३ हजार माणसे आहेत. मी महसूल खात्यातला माणूस आहे, आणि एवढ्या फरकाचा एकही पंचनामा माझ्या हातून कोणी स्वीकारला नसता. आपल्या भागात या विषयावर बोलताना आवाज आपोआप खाली येतो, आणि माकोंदोच्या त्या बाईचे वाक्य मी वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या बाजूंच्या माणसांकडून ऐकले आहे. मराठवाड्यातील तरुण लेखकांकडे माझे मागणे एवढेच आहे, की उडणाऱ्या माणसांच्या मागे लागण्याआधी त्यांनी आपापल्या गावात जाऊन नावे लिहून घ्यावीत. ती सांगणारे फार थोडे उरले आहेत.

कादंबरीचे शेवटचे पान संपले त्या रविवारी परिचारिका उशिरापर्यंत थांबली. ती किल्लारीच्या परिसरातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सरकारी कागदांत मृतांचा आकडा एके ठिकाणी ७,९२८ आढळतो आणि इतरत्र तो दहा हजारांच्या जवळ जातो. तिने आम्हाला तिच्या गल्लीचा आकडा सांगितला. उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवत ती एकेक घर घेत गेली. घरधन्याचे नाव, मग आत झोपलेल्यांची नावे, तान्ह्यासकट. कुठेही अडखळली नाही. आठव्या घरापाशी अंगठा थांबला. ती म्हणाली, ‘ह्यांच्याकडं पाहुणे आले होते. आदल्या दिवशी गणपती बुडवले ना, म्हणून मुक्कामाला राहिले होते. किती होते, ते कुणालाच माहीत नाही.’